रांगण्याजोगी जमीन

१ जानेवारी २००७, पहाटे साडेसात

कालपासून रिटायर. बर्फाच्या कारखान्यात उभी हयात गेली. कारखान्याच्या सोसायटीने नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. चेअरमन भाषणात म्हणाले, आता सत्यवान कुबल यांनी आराम करावा. मी मनात म्हटलं, तुम्ही मला ओळखलंच नाहीत.

संकल्प. रोज पाचला उठून किनाऱ्यावर चालणे. (उद्यापासून. आज गारठा होता.) रोजनिशी लिहिणे. घराची जमीन बदलणे.

तिसऱ्याबद्दल सविस्तर संध्याकाळी. चहा आला.

१ जानेवारी, संध्याकाळी

रूपालीला, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीला, दिवस गेलेत. सावंतवाडीला दिलेली. जुलैत बाळंत होईल. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे मे महिन्यात ती इथे येणार. म्हणजे घरात लहान मूल येणार. लहान मूल कुठे असतं? जमिनीवर. या अंगाने विचार करणारा मालवणच्या अख्ख्या दांडी किनाऱ्यावर मी एकटाच असेन.

आमच्या घराला वडिलांनी घातलेला सिमेंटचा कोबा आहे. दोन-तीन भेगा, एक कोपरा खचलेला. पण भेगा हा मुद्दा नाही. मुद्दा पर्यावरणाचा आहे. सलूनमध्ये नंबर येईपर्यंत पेपरची पुरवणी वाचली. घरातल्या जमिनीचे इको-फ्रेंडली पर्याय. बांबू, कॉर्क, टेराकोटा, नैसर्गिक रबर. कॉर्क म्हणजे बाटलीचं बूच. परदेशात लोक बुचाच्या जमिनीवर चालतात. पान फाडून आणलं. न्हाव्याला विचारलं होतं. तो दुसऱ्याच्या दाढीत होता, पण त्याने मान हलवली असावी.

मथुरा, माझी बायको, बाजारात मासे विकून आली आणि उरलेले बांगडे साफ करायला बसली, तेव्हा विषय काढला. तिने विचारलं, ह्या जमनीक काय झाला? मी सिमेंट, धूर, पृथ्वीचं तापमान हे सगळं सोपं करून सांगितलं. तिने बांगडे धुतले. मग म्हणाली की पोर तीन महिन्यांचं झालं की आपल्या घरी जाणार, ते इथे रांगणार कधी?

याचा मी विचार केला नव्हता. म्हटलं, येऊन-जाऊन असेलच.

मार्चअखेर जमीन तयार. लिहून ठेवतो म्हणजे बांधील राहीन.

१७ जानेवारी

चालणं अजून सुरू नाही. चपलेचा अंगठा तुटलाय.

२ फेब्रुवारी

कुडाळला जाऊन टाइल्सचं दुकान पाहिलं. काउंटरवरच्या मुलीने, प्रियांका नाव, आधी सिरॅमिक दाखवली, मग व्हिट्रिफाइड, मग कोटा, कडाप्पा, ग्रॅनाइट. म्हणाली, मालवणात सध्या सगळे क्रीम कलर नेतात, दोन बाय दोन, पुसायला सोपी. मी म्हटलं, मी सगळे नव्हे. बांबू आहे का? ती म्हणाली, कशासाठी? मी पुरवणीचं पान दाखवलं. तिने ते पूर्ण वाचलं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. मग म्हणाली, काका, हे पुण्याला मिळेल.

जाताना मथुराने सांगितलेलं धण्याचं पुडकं आणायचं राहिलं.

११ फेब्रुवारी

काम झालं. भाई भेटला. माझा शाळेतला सोबती, आता कॉन्ट्रॅक्टर. त्याच्या ओळखीत कोल्हापूरला एकाकडे बांबूचं फ्लोअरिंग पडून आहे, कुठल्याशा बंगल्याचं उरलेलं. आपल्या तीन खोल्यांना पुरेल. भाई म्हणाला, समुद्राकाठी बांबू टिकेल की नाही सांगता येत नाही. मी म्हटलं, बांबू काय, समुद्र काय, दोन्ही निसर्गच. तो खोल्यांची मापं लिहून घ्यायला लागला.

माल मार्चच्या पहिल्या आठवड्यात. वेळेच्या आधी चाललोय.

२० फेब्रुवारी

वेळ वाचवावा म्हणून पुढच्या खोलीचा कोबा आजच फोडायला घेतला. स्वतः. बाबू, माझा धाकटा भाऊ, शेजारीच राहतो, तो होडीवरून आला आणि आवाज ऐकून दारात उभा राहिला. मग एवढंच म्हणाला, "आधी माल येवंदे, दादा, मगे फोड."

बाबूला होडीतलं कळतं. इंटिरियरमधलं नाही.

वडिलांनी कोबा फारच घट्ट घातलाय. वाईट म्हणावा असा मुळीच नाही. पण एकदा घेतलंय तर घेतलंय.

२१ फेब्रुवारी

कंबर.

२५ फेब्रुवारी

कंबर. पडून लिहितो आहे. बाकीचा कोबा फोडायला दोन गडी लावले. त्यांनी सकाळी सुरुवात केली, दुपारी पुढची खोली, माजघर आणि स्वयंपाकघर तिन्ही मोकळं केलं. स्वयंपाकघर नंतर घ्यायचं होतं, पण मी पडून असल्यामुळे सूचना नीट पोचल्या नाहीत. मथुरा बाजारातून आली तेव्हा चूल आणि गॅस पडवीत होते.

तिने पडवीतच पाट मांडला. हा तिचा गुण आहे. डब्यातला भात वाढला आणि स्वतः पुढच्या अंगणात, खळ्यात, जाऊन बसली.

१४ मार्च

माल आला, पण तळेऱ्यापर्यंत. ट्रक गगनबावड्याचा घाट उतरून तळेऱ्याला आला, ड्रायव्हरला पुढे विजयदुर्गाला जायचं होतं, म्हणून त्याने आमची खोकी नाक्यावरच्या हॉटेलासमोर उतरवली आणि निघून गेला. मला फोन चार दिवसांनी. मधल्या काळात हॉटेलवाल्याने खोकी ओळीने लावून त्यांचं बाकडं केलं होतं. मी पोचलो तेव्हा त्यावर बसून एक कुटुंब मिसळ खात होतं. त्यांचं होईपर्यंत थांबलो. हॉटेलातला माणूस धूळ बसावी म्हणून सकाळ-संध्याकाळ अंगणात पाणी मारतो. ते खोक्यांनाही थोडं लागलंय.

टेम्पो करून आणलं. बाबूने उतरवायला हात लावला. एक खोकं हातात घेऊन तो म्हणाला, ह्या जड का झाला? मी म्हटलं, उत्तम प्रतीचा बांबू जडच असतो.

२ एप्रिल

मार्चअखेरची तारीख मी ढोबळ म्हणून घातली होती. रूपाली मेमध्ये येते आहे. खरी डेडलाइन ती.

खोकी उघडली. पट्ट्या सुंदर आहेत. मधाचा रंग. काही कडेला वर उचलल्यात, काही मधे. एकावर एक ठेवल्या तर होडीच्या फळ्यांसारख्या दिसतात. पुरवणीत म्हटलंय की नैसर्गिक मटेरियल बसवण्यापूर्वी काही काळ घरात ठेवावं, म्हणजे ते तिथल्या हवेशी जुळवून घेतं. तेव्हा ठेवलंय. जुळवून घेऊ दे.

१९ एप्रिल

जुळवून घेतायत.

मथुरा आज माजघरात ठेचकाळली. उघडी माती, त्यात कोब्याचे तुकडे, त्यावर डोक्यावर टोपली. पायाचं नख गेलं. टोपली सांभाळली, मासा पडू दिला नाही. मी हळद आणून दिली. ती म्हणाली, गवंडी बोलवा आणि साधा कोबा करून टाका, पावसाच्या आधी. मी तिला शांतपणे समजावलं की आता अर्ध्यावर मागे फिरणं म्हणजे आत्तापर्यंतचे सगळे कष्ट फुकट. तिने विचारलं, कोणाचे?

प्रश्न विचार करण्यासारखा आहे. उद्या करीन.

६ मे

रूपाली आली. जावई सिद्धेश सोडायला आला. औषध कंपनीत आहे, फिरतीची नोकरी, मुलगा सालस. दोघं दारात उभी राहिली. आत पाऊल टाकायला जागा आहे, फक्त ती बघून टाकावी लागते. सिद्धेशने हातातली बॅग खाली ठेवली आणि परत उचलली.

मी त्याला पट्ट्या दाखवल्या, एकेक करून. तो म्हणाला, छान आहेत. नंतर तो आणि मथुरा खळ्यात बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. बहुधा डॉक्टरबद्दल.

तूर्त रूपालीची सोय बाबूकडे केली. भिंतीला भिंत लागून घर. बाबूच्या बायकोने, प्रेमलताने, आपली खोली रिकामी करून दिली. मथुराही रूपालीसोबत तिकडेच झोपणार. मी इकडे, बांबूवर लक्ष ठेवायला.

थोड्या दिवसांची गोष्ट आहे.

१५ मे

गवंडी गोव्याला गेला. परवा येतो म्हणाला. सुताराने पट्ट्या पाहिल्या, हातात घेतल्या, एका डोळ्याने कडेकडेने बघितलं, आणि म्हणाला की घरी लग्न आहे. कोणाचं ते विचारलं तेव्हा आठवून सांगतो म्हणाला.

मीच बसवतो. खाचेत खाच घालायची असते, त्यात काय.

२४ मे

माजघर पूर्ण. माती चोपली, वर वाळू पसरली, वर पट्ट्या. ज्या पट्ट्या वर उचलतात त्यांच्यावर भिंतीकडेला कपाट आणि ट्रंका ठेवल्या. चाललं की किंचित हलतं, पण तो बांबूचा स्वभाव, त्याला स्प्रिंग म्हणतात. गुडघ्यांना चांगलं. आज बऱ्याच दिवसांनी मला स्वतःबद्दल बरं वाटलं.

उद्या रूपालीला दाखवतो.

२५ मे

रूपालीला बोलावलं. तिला चालणं आता जड जातं, तरी आली, माझ्यासाठी. हसत होती. म्हणाली, बाबांनी केला तर बघूक व्हयाच. मी दारापाशी, ती पट्ट्यांवरून माझ्याकडे येतेय, मथुरा मागे. मधोमध तिचा पाय एका पट्टीच्या टोकावर पडला आणि त्याच पट्टीचं दुसरं टोक एकदम वर आलं. तिचा तोल गेला. मथुराने मागून तिला कवेत धरलं, आणि दोघी तशाच खाली बसल्या. कपाटाला टेकून.

लागलं नाही. डॉक्टरांकडे नेऊन आणलं, त्यांनी सगळं ठीक सांगितलं.

कपाट अजून जड हवं होतं.

२६ मे

सिद्धेश सकाळीच गाडी घेऊन आला. रूपालीला सावंतवाडीला नेतोय. बाळंतपण तिकडेच. त्याने आवाज चढवला नाही. फक्त माझ्याकडे न बघता बोलला, ते बरं झालं.

मी रूपालीला सांगायला गेलो की आठ दिवस दे, सगळं उपटून परत बसवतो, तुझ्या पोरासाठीच तर चाललंय. ती बाबूच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालता घालताच म्हणाली, "बाबा, माका जमीन नको होती. माका हंय रवाचा होता."

मग गाडी निघाली.

इथे राहायचं होतं म्हणे. बाळंतपणाच्या दिवसांत मुली हळव्या होतात. हवापालटही चांगलाच. सावंतवाडी गार आहे, तळं आहे.

आज जेवलो नाही. उकाडा फार.

२० जून

पाऊस. कोबा होता तेव्हा खालची ओल अडत होती, असं बाबू म्हणतो. तसंच असेल. आता ती थेट बांबूत येते. माजघरात पट्ट्यांच्या फटींतून पांढरी छोटी अळंबी आली आहेत, छत्रीसारखी, ओळीने. घरात जिवंत काही उगवणं ही खरी इको-फ्रेंडलीची खूण, असं मी मथुराला म्हणालो. ती कोयता घेऊन आली आणि पट्ट्या उपसायला लागली. मी अडवलं नाही. अळंबीला वास येत होता.

२३ जून

न्हाणीची चूल गेले तीन दिवस पट्ट्यांवर चाललीय. बांबू छान पेटतो. धूर कमी.

९ जुलै, दुपारी

मुलगा झाला. फोन बाबूकडे आला. मला कळलं तोपर्यंत मथुरा पिशवी भरून एसटी स्टँडकडे निघाली होती. मागून ओरडलो, पण पावसात ऐकू गेलं नसावं. प्रेमलता म्हणाली, भावोजी, तुमी नंतर जावा, पयल्या दिवशी बायल माणसांची गर्दी आसता.

बरोबर आहे. नाहीतरी मला घर सोडून कसं जाता येईल. इथे काम अर्धवट आहे.

१६ जुलै

जाऊन आलो. बाळाला सर्वेश नाव ठेवायचं म्हणतायत. मूठ घट्ट, कपाळावर आठी. माझ्या मांडीवर दिला. वजन काहीच नाही, तरी हात भरून आले. रूपाली उशीला टेकून बघत होती. चेहरा उतरलाय, पण माझ्याशी नीट बोलली. कंबर कशी आहे विचारलं.

सासरच्या घरात जुन्या मोझेक टाइल्स आहेत, पांढऱ्यावर काळे-हिरवे ठिपके. मी विहिणीला सांगितलं की त्यात सिमेंट असतं. त्या म्हणाल्या, हो का, आणि चहा ठेवायला गेल्या.

मथुरा चतुर्थीपर्यंत तिथेच राहणार. मी जेवायला बाबूकडे.

८ ऑगस्ट

घरात एकटा. पत्र्याच्या डब्यांवर फळी टाकून खाट केली आहे. खाली चिखल म्हणता येणार नाही, पण पाय घासून वर घ्यावे लागतात. एवढ्या वर्षांत या घरात इतकी शांतता मी ऐकली नव्हती. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरचा आवाज असे, घरी मथुराचा. ती आली की बाजारातल्या गोष्टी सांगायची, कोणी किती घासाघीस केली, कोणाची सून कशी वागली. मी पेपर वाचत असायचो.

आता पेपर वाचून होतो आणि दिवस उरतो.

३ सप्टेंबर

आता खरा मार्ग सापडला. बांबू वगैरे परके. आपला पारंपरिक उपाय शेण. याहून इको-फ्रेंडली जगात काही नाही. चतुर्थीच्या आधी तिन्ही खोल्या चोपून सारवायच्या. मथुरा आली की थक्क होईल.

अडचण एकच. दांडीवर गाय नाही. इथे मांजरं आहेत.

१६ सप्टेंबर

शेण आतल्या गावातून पोत्यांनी आणलं. सारवण स्वतः केलं. लहानपणी आईला बघितलं होतं, त्यामुळे हात बसलेला आहे असं धरून चाललो. पाणी जास्त झालं. जमीन चार दिवस वाळली नाही. माश्या मात्र लगेच आल्या.

मथुरा चतुर्थीसाठी परतली. उंबऱ्यावर उभी राहिली, पदर नाकाला लावला. माझ्या हातांकडे बघितलं. नखांत अजून होतं. मला वाटलं बोलेल. तिने विहिरीचं पाणी काढलं, मला खाली बसवलं आणि माझे हात घासून धुतले. लहान पोराचे धुतात तसे.

गणपती यंदा बाबूकडे बसवला. दोन्ही घरचा एकच तर आहे. बाबूने आरतीचं ताट आधी माझ्या हातात दिलं.

२१ ऑक्टोबर

रबर. माझ्या हे आधीच लक्षात यायला हवं होतं. पुरवणीत शेवटी लिहिलंय, नैसर्गिक रबर, मऊ, पोर पडलं तरी लागत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात दोडामार्गाला रबराची झाडंच झाडं. माझी बहीण सीता तिथेच दिलेली. तिच्या दिराचीच बाग आहे म्हणतात. मूळ स्रोताशी जाऊन बोलायचं.

मला वाटलं मथुरा विरोध करेल. ती तांदूळ निवडत होती. नजर वर न करता म्हणाली, "जावन येवा. घाई करू नका. सगळा नीट बघून येवा."

इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदा साथ दिली. माणसाने चिकाटी ठेवली की घरचे बदलतात.

२६ ऑक्टोबर, दोडामार्ग

सीताने आदर केला. रबराची बाग बघितली. झाडाला तिरपी चीर देतात, खाली करवंटी बांधतात, त्यात दुधासारखा चीक ठिबकतो. तो वाळवून चादरीसारखा करतात. चादर मऊ आहे. वास मात्र असा की सीताच्या दिराने ती गोठ्यापलीकडे ठेवलीय. मी विचारलं, ही घरात अंथरता येईल का? दीर म्हणाला, येईल, पण मग तुम्हाला घरात राहता येणार नाही.

विनोदी माणूस आहे. आणखी थोडे दिवस राहून अभ्यास करतो. सीता म्हणते मथुराचा फोन होता, घाई नाही.

३ नोव्हेंबर, मालवण

परत आलो.

सिमेंट, वाळू, खपल्या, काहीच नाही. तिन्ही खोल्यांत दोन बाय दोनची टाइल. क्रीम कलर. सांधे सरळ. भिंतीकडेला चार बोटांची पट्टीसुद्धा. कपाट जागेवर, गॅस स्वयंपाकघरात. दारात चटई.

सिद्धेशने कुडाळहून माल पाठवला, बाबूने गवंडी गोव्याहून पकडून आणला, मथुराने बाजार बंद ठेवून उभं राहून काम करून घेतलं. मला दोडामार्गाला पाठवायचं कोणी ठरवलं ते विचारलं नाही. मथुरा पाणी देऊन समोर उभी राहिली, भांडणाची तयारी करून. ओठ घट्ट. दमलेली दिसत होती. तिचं वय झालंय हे मला कधी दिसलं नव्हतं.

मी चपला काढल्या. आत गेलो. पायाला गार लागलं.

म्हटलं, सांधे चांगले भरलेत.

ती म्हणाली, होय. आणि स्वयंपाकघरात गेली. भांडण व्हायचं राहिलं.

हे नोंदवून ठेवणं भाग आहे की कुडाळला ही टाइल सर्वप्रथम मीच पाहिली होती. त्या अर्थी निवड माझी.

१० नोव्हेंबर

दिवाळी. रूपाली बाळाला घेऊन येणार होती. बाळाला सर्दी. पुढच्या महिन्यात नक्की.

२५ डिसेंबर

सिद्धेशची मीटिंग. जानेवारीत नक्की. फोनवर रूपाली म्हणाली, सर्वेश आता पालथा पडतो.

मी रोज सकाळी जमीन बघून घेतो. कुठे कपची उडाली नाही ना, मुंग्या नाहीत ना. चालायला जाणं त्यामुळे जमत नाही.

१० फेब्रुवारी २००८

सर्वेश रांगायला लागला. आधी मागे मागे जायचा, आता पुढे येतो. फोनवर विहिणीने सांगितलं. मोझेकवर रांगतो, ठिपके वेचायला बघतो. त्या हसत होत्या. मीही हसलो.

आवाज घुमतो हल्ली घरात. टाइलमुळे. सामान कमी आहे.

२८ फेब्रुवारी

सिद्धेशची बदली झाली. नागपूर. बढतीवर. चांगली गोष्ट आहे. नकाशात पाहिलं. महाराष्ट्रातच आहे, पण दुसऱ्या टोकाला. मथुराने बातमी ऐकली आणि सुकवलेली सुंगटं (कोळंबी) निवडायला घेतली, नागपूरला पाठवायला. तिथे समुद्र नाही ना, म्हणाली.

जायच्या आधी एक दिवस इकडे येऊन जाणार.

१६ मार्च २००८, संध्याकाळी

आले होते. दुपारी जेवायला आले, चारला निघाले. रात्री कुडाळहून गाडी.

सर्वेश मला बघून रडला. आठ महिन्यांचा झालाय, ओळख नाही, साहजिक आहे. मी माझा चष्मा काढला तर आणखी रडला. मग लांब जाऊन बसलो, दाराशी, भिंतीला टेकून.

रूपालीने आल्या आल्या पिशवीतून गोधडी काढून जमिनीवर अंथरली आणि त्याला तिच्यावर बसवलं. मी म्हणालो, गोधडी कशाला, जमीन स्वच्छ आहे. ती म्हणाली, टाइल गार असते बाबा, पोट धरतं त्याचं. सहज म्हणाली. टोचून बोलायचा तिचा स्वभाव नाही.

मथुराने नाचणीचं सत्त्व केलं होतं. अर्धं त्याच्या तोंडात, अर्धं हाताला. सगळे सामानाचं बोलत होते, कुठली पेटी ट्रकने गेली, कुठली बरोबर. तेवढ्यात तो गोधडीच्या कडेला आला. थांबला. एक हात टाइलवर ठेवला, गार लागला असेल, उचलला, परत ठेवला. मग दुसरा. मी हललो नाही. श्वाससुद्धा बेताने घेत होतो. तो थेट माझ्या दिशेने निघाला, मान वर करून, लाळ गळत, तळहात फटफट आपटत. आवाज छान येतो टाइलवर. माझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत आला. अंगठा धरला. बघत राहिला.

रडला नाही.

मग सिद्धेश म्हणाला की निघायला हवं, आणि रूपालीने त्याला उचललं. जाताना ती वाकून माझ्या पाया पडली. उठताना तिने जमिनीवर हात टेकला आणि म्हणाली, बरी झाली, बाबा. मला वाटतं जमिनीबद्दलच म्हणाली.

वळणापर्यंत गाडीमागे गेलो. बाबू आणि प्रेमलताही होते. हात हलवून झाल्यावर तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. परत येताना लक्षात आलं की गोधडीपासून दारापर्यंत त्याच्या हातांचे ठसे उमटले असणार. नाचणीचे, तांबूस. क्रीम कलरवर स्पष्ट दिसत असणार. ठरवलं की मथुराला सांगायचं, आजचा दिवस राहू दे.

पोचलो तोपर्यंत तिने पुसून घेतलं होतं. गुडघ्यांवर बसून शेवटचा कोपरा पुसत होती. पाठ माझ्याकडे. बराच वेळ त्या एकाच कोपऱ्यावर फडका फिरत होता. माझी चाहूल लागली तेव्हा मागे न बघता म्हणाली, ओला आसा, पाय घालू नका.

म्हणून पडवीत बसून लिहितोय. आत पंखा लावलाय. वाळायला वेळ लागेल. ही जमीन पाणी पीत नाही.